फक्कीची आकाशगंगा

'समस्त ग्रामस्थांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानावर आकाशगंगा फिरविण्यात येईल. आकाशगंगा माणसांचीच करावयाची असल्याने सर्वांनी वेळेवर हजर राहावे.'

हा मजकूर शाळेच्या दर्शनी फळ्यावर मीच लिहिला होता, रंगीत खडूंनी, कडेला वेलबुट्टी काढून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी मी जूनमध्ये गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो होतो. नगर शहरात वाढलेलो, अंगात नाटक भरलेलं आणि बोलायला कुणी नाही. म्हणून शाळा सुटली की खोलीवर बसून मी आकाशगंगेचं गणित मांडायचो. रद्दीच्या दुकानातून आणलेलं एक जुनं पुस्तक, लॉग टेबल आणि आलेखाचे कागद एवढीच माझी वेधशाळा. दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांचं वजन धरायचं, त्यावरून आकाशगंगेची ओढ काढायची आणि कुठला तारा किती वेगाने फिरेल ते सांगायचं. गणित म्हणायचं, कडेचे तारे रमतगमत चालायला हवेत. पुस्तकातली मोजमापं म्हणायची, कडेचेही आतल्यांइतकेच पळतायत. पावसाळाभर मी माझी चूक शोधत बसलो. सापडेना. मग एका सकाळी दाढी करताना उजेड पडला. आकाशगंगेत न दिसणारंही वजन असलं पाहिजे, आणि तेही दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त! अर्ध्या दाढीनिशी मी अंगणात नाचलो. शेजारची शेळी साक्षीला होती.

बारा पानं पुण्याच्या एका प्राध्यापकांना पाठवली. नवरात्रात पोस्टकार्ड आलं. 'आपला निष्कर्ष बरोबर आहे. तो बऱ्याच वर्षांपूर्वीच निघालेला आहे. कळावे.'

कळलं.

ते कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. जगाच्या लेखी शिळी झालेली बातमी माझ्याजवळ अजून गरम होती आणि ती वाढायला समोर ताट नव्हतं. तेव्हा ठरवलं, जिथे ती अजून पोचलेली नाही तिथेच सांगायची. गावातल्या एकाला तरी कळली पाहिजे. नाहीच कळली, तर कागद चुलीत आणि बदलीचा अर्ज पोस्टात.

भेटेल त्याला मी तारा केलं. "चाळीस तारे लागतील हं!" सगळे म्हणाले, "व्हय व्हय, गुर्जी, येऊ की!" मास्तराला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही तिथली रीत. ती मला ठाऊक नव्हती.

सुट्टी संपवून एसटीतून उतरलो, तर दारोदार कुलपं. दिवाळी झाली की तिथल्या टोळ्या ऊस तोडायला निघतात. बायकापोरं, भांडीकुंडी, कोंबड्या, सगळं ट्रकमध्ये भरून कारखान्यांकडे, ते थेट उन्हाळ्यातच परत. हे त्या शेळीलाही माहीत असणार. माझ्या वर्गात सात पोरं उरली होती आणि रविवारी तीही रानात गेली.

तरीही मी चार वाजता मैदानात उतरलो. कबड्डीच्या रेघा मारायची पांढरी फक्की ओतून आकाशगंगेचे दोन मोठे वळसेदार हात काढले. देखणी झाली होती. आणि रिकामी.

प्रेक्षक एकच आला. गावातले एक म्हातारबाबा. जाणारे लोक घराच्या किल्ल्या त्यांच्यापाशी ठेवून जायचे. बंद घराला वाळवी लागते, म्हणून बाबा रोज एकेक करून सगळी घरं उघडायचे, झाडायचे, देवळीत दिवा लावायचे, पुन्हा कुलूप घालायचे. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा.

"बाबा, तुम्ही आकाशगंगेचा मध्य व्हायचं."

"बसून जमंल का? गुडघं लई दुखत्यात."

मी शाळेतली शिपायाची बाज आणून मधोमध टाकली, वर वाकळ अंथरली. बाबा बसले, बाज खाली वाकली. मी कडेला एक मोसंबी ठेवली. ती घरंगळत त्यांच्या मांडीला जाऊन टेकली.

"पाहिलंत? तुम्ही ओढली नाही, तरी आली! अवकाश असंच वाकतं, बाबा, वजनानं."

"आता आलीच हाय तर खातो," म्हणत बाबांनी पुरावा सोलला.

मग मी कडेचा तारा झालो. मैदानाला धावत फेऱ्या मारल्या, धाप लागली, धोतर असतं तर सुटलं असतं. "मधे एवढंच वजन असेल तर इतक्या लांबचा तारा सावकाश चालायला हवा! पण हा पळतोय! का पळतोय, बाबा?"

"कुत्रं लागलं आसंल मागं."

मी हसलो नाही. त्यांच्यासमोर उकिडवा बसून सगळं सांगितलं. पावसाळा, आलेख, न दिसणारं वजन.

"कुनी पायलंय ते?"

"अजून कुणीच नाही."

बाबांनी बिया हातावर घेतल्या, मावळतीकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. "येतो, गुर्जी. दिवं लावायची येळ झाली."

"पाच मिनिटं, बाबा!" माझा आवाज भलताच निघाला, नाटकातला नव्हता तो. "कळलं की नाही एवढं तरी सांगा. तुम्ही गेलात तर या गावात मला दुसरं आहे तरी कोण? कुणीच नाही!"

बाबा फक्कीच्या शेवटच्या रेघेपाशी पोचले होते. ते थबकले, वळले आणि चक्क चिडून ओरडले,

"कुनी न्हाई कसं? दिसत न्हाईत म्हनून न्हाईत व्हय? मग ह्या वयात म्या रोज समद्या गावाला फेरा घालतोय, त्यो कुनाच्या वजनानं?"