सावकाशीचा आजार

माझ्या नवऱ्याचा आजार चार महिने चालला, समोरच्या वहिनींच्या नवऱ्याचा सात वर्षं. मला त्या सात वर्षांचा हेवा वाटायचा. हे आजवर कुणाला बोलले नाही.

जेसल पार्कातल्या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर होती. भाऊंना, म्हणजे वहिनींच्या मिस्टरांना, अल्झायमर झाला तेव्हा आमच्याकडे सगळं ठीक होतं. मग दोन हजार पाचच्या सुमारास आमचे हे जिना उतरताना झोकांड्या खायला लागले. कधी दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण बिल्डिंगमध्ये कुजबुज झालीच. पंधरा दिवसांत त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. कुकरची शिटी झाली की अख्खं अंग दचकायचं.

मुंबईला मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रायॉनचा आजार आहे. मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी चुकते आणि ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तसंच बिघडवतं."

"माझ्या हातून काही खाण्यात गेलं का?"

"नाही हो. बहुतेकांना तो का होतो, ते आम्हालाही कळत नाही."

"आमच्या समोरच्यांना अल्झायमर आहे. तो वेगळा?"

"त्यातही प्रथिनंच बिघडतात. पण तो सावकाश चालतो. याला औषध नाही. मनाची तयारी ठेवा."

सावकाश! तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी वहिनी भाऊंचा हात धरून खाडीकडे फिरायला निघाल्या की मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे.

एकदा त्या रडत आल्या. "आज मला विचारलं, बाई, तुम्ही कोण? तीस वर्षांचा संसार गं!"

आमच्या ह्यांच्या तोंडून तेव्हा आठ दिवसांत शब्द फुटला नव्हता. मी म्हटलं, "विचारलं तरी ना!"

वहिनी उठून गेल्या. मला वाईटही वाटलं नाही.

महिनाभरात हे गेले. बाराव्यापर्यंत वहिनी रोज पेज घेऊन यायच्या. पुढे त्या बाजारात गेल्या की मी भाऊंजवळ बसायला लागले. ते विचारायचे, "तुमचे मिस्टर दिसत नाहीत?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं. भाऊ ढसाढसा रडले आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा म्हटलं, "कामावर गेलेत."

"मग येतील सहाला," म्हणाले. मग मी रोज तेच सांगायला लागले.

वहिनींनी एकदा दारातून ऐकलं. "त्यांना खोटं कशाला सांगतेस?"

"त्यांच्यासाठी नाही सांगत, वहिनी."

दुसऱ्या दिवशी घरात भाजी भरलेली असताना वहिनींनी हाक मारली, "बाजारात जाऊन येते. बसतेस जरा?"

मी गेले. भाऊ खुर्चीत बसून केळं खात होते, आणि तेव्हाही मला वहिनींचा हेवा वाटत होता.