थोडी वेळ

सिनेमात नायक-नायिका गाणं म्हणत धावतात, तो किनारा कोणी रिकामा केला हे तुम्ही कधी विचारलंत का? आमचा किनारा मी रिकामा केला.

देवबागेत, पुढे समुद्र आणि मागे खाडी अशा वाळूच्या पट्टीवर, आमची रापण होती. होडीने समुद्रात टाकायचं आणि साऱ्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं. बाबा रापणीचे म्होरके. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. मामा मुंबईच्या गिरणीतून पत्रकं आणायचा. संप, हक्क, एकजूट हे शब्द मला धड्यांआधी पाठ झाले. वाडीत आलेला प्रत्येक कागद वाचायला माझ्याकडेच यायचा.

दिवाळीनंतर सिनेमाची कंपनी आली. तिच्या व्यवस्थापकाने दिलेला कागद मी मोठ्याने वाचला : ‘चित्रीकरणासाठी ग्रामस्थांनी थोडा वेळ द्यावा.’

“थोडी वेळ होयी?” बाबा हसले. “माडाखालची घेवा म्हणान सांग तेका.”

आमच्या बोलीत वेळ म्हणजे किनारा. बाबा वाळूचा तुकडा देत होते, तो माणूस तास मागत होता. मला दोन्ही कळत होतं. पण जरा आधीच तो मला म्हणाला होता, “तुमचं मराठी किती शुद्ध आहे! इकडचं वाटतच नाही.” आता त्याला आमचा शब्द समजावून सांगायची मला लाज वाटली.

“हो म्हणतायत,” मी म्हटलं. बाबांनी अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या रापणीचाच दोर माडांना बांधला आणि सारी वाडी त्यामागे बसवली. ऊन चढलं. नायिका धावली, परत आली, पुन्हा धावली.

“ह्या चेडू इतक्या कित्याक धावता गो?” काकीने विचारलं.

“तो मागे लागलोहा म्हणान,” आई म्हणाली.

“मगे एकदाचो पकडूंदे तरी! आमका घराक जावक मेळात.”

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले होते. आभाळात ढग नव्हता, तरी किनाऱ्यालगतचं पाणी काळवंडलं होतं.

“बांगडो,” ते हळूच म्हणाले.

माणसं दोराखालून वाकली. व्यवस्थापक धावत आला. “बसा, बसा! कॅमेऱ्यात येताय! वेळ दिलाय ना तुम्ही?”

“दिलंय मगे! माडाखालची!” बाबा म्हणाले.

त्याने कागद फडकवला. “हा अंगठा तुमचाच ना?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी सांगितलं, “तेनी टाइम मागल्यान, बाबा.”

“आणि तुका ठावक होता?”

मी मान हलवली.

“अंगठो दिलंय,” बाबा म्हणाले. “बसा रे सगळी.”

आम्ही बसलो. बांगड्याचा तो काळा पट्टा आमच्या डोळ्यांसमोरून सावकाश दक्षिणेकडे सरकत गेला. सगळी पत्रकं पाठ असलेल्या माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. दोर सोडायला दोन हात पुरले असते. त्या हंगामात बांगडा पुन्हा इतका जवळ आला नाही.

पुढच्या वर्षी तो सिनेमा मालवणात तंबूत लागला. सारी वाडी गेली. पडद्यावर आमचा किनारा होता, पण तिथे कधी कोणी जन्मलंच नसावं इतका स्वच्छ. नायिका धावली. तिच्या मागे, पाण्यात, एक करडा डाग होता.

“बांगडो!” काकी ओरडली. “बघा, आमचो बांगडो!”

आमची सगळी माणसं उभी राहिली. मागून शहरातले लोक ओरडले, “ओ, बसा खाली!” आणि आम्ही पुन्हा बसलो.

बाबा उठलेच नव्हते. पडद्यावरची नजर न काढता ते मला म्हणाले, “थोडी दिलंय, चेडवा. सगळी नेल्यानी.”

त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. पडद्यावर रिकामा किनारा दिसला की उठून उभे राहा आणि साऱ्या तंबूला ऐकू जाईल असं विचारा, “हयची माणसां खंय गेली?” बसा म्हणतील. बसू नका.