गाईच्या नावाचा रोही

आमच्याकडे त्याला रोही म्हणतात. टीव्हीवर, मोबाइलवर आणि सरकारी पाटीवर मात्र तो नीलगाय असतो. हे नाव कुणी ठेवलं मला ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्यानं हरभरा कधी पेरलेला नसावा. मादी मातकट रंगाची, नर राखाडी. निळं त्यात मला तरी कधी दिसलं नाही. आणि गाय म्हणाल तर तो कुठल्याच बाजूनं गाय नाही. घोड्याएवढी उंची, आखूड शिंगं, रुंद छाती, आणि कळप उतरला की रातोरात हरभऱ्याच्या ओळीच्या ओळी साफ.

धनजला आमच्या घरी पाहुणा आला की चहा व्हायच्या आधी मी त्याला रोह्यांबद्दल सांगतो. बायको म्हणते, ‘पाव्हण्याले टेकू तर द्या.’ मी सांगतोच. कारंजाहून येताना एखादा रोही रस्त्यात आडवा गेला तर गाडी थांबवून उभं राहायचं, कारण मागून दुसरा येतोच, आणि माणसं हटकून त्या दुसऱ्यालाच धडकतात. आमच्या शेजाऱ्याचा खांदा असाच निखळला. तुरीत एकटं पिल्लू बसलेलं दिसलं तर ते पोरकं नसतं, आई जवळपास असते; फोटो काढायला जवळ जायचं नाही. आणि रोही कुंपणाच्या आत सापडला असेल तर त्याच्या बाहेर पडायच्या वाटेत उभं राहायचं नाही. एरवी तो बिचारा भित्राच. माणूस दिसला की पळतो. पळायला जागा नसली की मग मात्र त्याचा भरवसा नाही.

मावशीलाही मी हे सगळं सांगितलं होतं. माझ्या आईच्या पाठची ही बहीण नागपूरला असते, आणि गेल्या हिवाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली होती. ऐकू तिला नीट येतं. ऐकायचं की नाही ते ती ठरवते. मावसाजी गेल्यापासून तिचा एक नेम आहे. सकाळी गाईच्या तोंडात पोळीचा घास गेल्याशिवाय ती स्वतः अन्नाला हात लावत नाही. शेवटच्या दिवसांत मावसाजींना अन्न जात नव्हतं, ते तिच्या मनात राहून गेलं आहे. गाईनं खाल्लं की त्यांना पोचतं, असं ती म्हणते. यावर मी कधी वाद घातला नाही. पण तिला शुगर आहे. गोळी घ्यायची तर पोटात अन्न हवं, आणि अन्न गाईपाशी अडलेलं.

खेड्यात येऊन गाय मिळणार नाही हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. नागपुरात तिच्या फाटकाशी रोज सकाळी गाई हजर असतात. आमची गाय बायकोचे गुडघे दुखायला लागले तेव्हाच विकली. गल्लीत आता ट्रॅक्टर आहेत, बकऱ्या आहेत. टोकाच्या घरी एक गाय होती, तिनं मावशीचे सुरुवातीचे दिवस निभावले. मग त्या घरच्या लेकीला शिरपूरला बाळ झालं, आणि दुधाची सोय म्हणून गाय तिकडे रवाना झाली. त्या सकाळी मावशी पोळी हातात घेऊन अंगणात नुसती बसून राहिली.

‘आज बकरीले दे,’ मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप घेऊन आत गेलो.

दुपारपर्यंत तिचे हात कापायला लागले. बायकोनं साखरेचं पाणी पुढं केलं, तेही तिनं घेतलं नाही. शेवटी तिला मोटारसायकलवर मागे बसवून मी कारंजाला नेलं, बाजारात भाजीवाल्यांच्या मागे एक गाय शोधली, तिथं घास झाला, आणि तिथंच उभ्यानं डबा उघडून ती जेवली. मला तिचा राग आला होता आणि भीतीही वाटली होती. परत येताना मी तिला दोन्ही सांगितलं.

‘उद्यापासून मी पाहीन माह्यं,’ ती म्हणाली.

आमचं घर गावाच्या कडेला, मागच्या अंगणाला लागून शेत. हरभऱ्याच्या चारी बाजूंनी झटका मशीनच्या, विजेच्या तारा आहेत. त्यानं जीव जात नाही, हिसका तेवढा बसतो, आणि एकदा बसला की रोही तारेला पुन्हा शिवत नाही. अंगणाकडून आत जायला तेवढी एक फट ठेवली आहे, तिला रात्री बांबू आडवा लावतो. त्या रात्री बांबू लावायचा राहिला होता. कुणाकडून, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

सकाळी मी तोंड धुवायला मागे आलो तर मावशी त्या फटीत उभी. माझ्याकडे पाठ, अंगावर शाल, आणि पुढे केलेल्या हातावर पोळी. तिच्यासमोर, हरभऱ्यात, पूर्ण वाढलेला नर.

‘ये बाप्पा, ये. घे,’ ती त्याला म्हणत होती.

तो दोन पावलं पुढं यायचा, थबकायचा, वळून तारेपर्यंत जायचा, तिथून मान झटकून परत फिरायचा. पुन्हा तिच्याकडे. मावशीला वाटत होतं, नवखा आहे, लाजतो आहे. मला दिसत होतं ते वेगळं. त्याला बाहेर पडायचं होतं, आणि बाहेर पडायच्या जागी ती उभी होती.

ओरडलो असतो तर ती माझ्याकडे वळली असती आणि तो उधळला असता. धावलो असतो तरी तेच. मी होतो तिथंच उभा राहिलो आणि आवाज शक्य तितका साधा ठेवला.

‘मावशी, तो रोही हाय. मांगं सरक.’

‘रोही तुमच्यासाठी,’ ती न वळता म्हणाली. ‘नाव गायच हाय ना त्याचं? मंग चालते.’

‘त्याले भूक नाई लागली. त्याले जायाचं हाय.’

‘खाऊन जाईन तो.’

रोह्यानं मान खाली घेतली. नाकातून फुरफुर आवाज केला, पुढचा खूर मातीत आपटला. ही बाई भीती दाखवून हलणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मग कसं कोण जाणे, मला सुचलं.

‘मावशी, गाय वाटेनं चालली. तिले वाट देत नाईस का?’

समोरून गाय आली की मावशी आयुष्यभर बाजूला होत आली आहे. बोळ केवढाही अरुंद असो, ती भिंतीला चिकटून उभी राहते, गाईच्या पाठीला हात लावते, तो हात छातीशी नेते. विचार करायच्या आत तिचे पाय सरकले. ती अंगणाच्या भिंतीकडे गेली आणि तिनं हात जोडले, पोळी तशीच हातांत.

रोही क्षणभर मोकळ्या फटीकडे पाहत राहिला. मग निघाला तो असा की मावशीच्या लुगड्यावर चिखल उडाला. अंगण, रस्ता, आणि पलीकडची तूर. तुरीचे शेंडे थोडा वेळ हलले आणि थांबले.

बायको आतून धावत आली. मावशीला आम्ही ओट्यावर बसवलं. तिला काय काय बोलायचं ते मी मनात तयार ठेवलं होतं. ती अजून तुरीकडेच पाहत होती.

‘भ्यायला होता रे तो,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘मले वाटलं, लाजून राह्यला.’

बायकोनं पाण्याचा तांब्या दिला. मावशीनं तो बाजूला ठेवला.

‘मी गाडी काढतो,’ मी म्हणालो. ‘कारंजाले जाऊ. घास होऊन जाईन तुहा.’

उन्हं ओट्यावर आली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

‘तुह्या मावसाजीचंही असंच झालं,’ मावशी म्हणाली. ‘त्यायले जायाचं होतं. अन् मी चमचा घेऊन वाटेत उभी. खा म्हणे, खा म्हणे.’

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

‘किल्ली आणू का?’ थोड्या वेळानं मी विचारलं.

‘नको,’ ती म्हणाली. ‘पोचलं.’

मग तिनं हातातली पोळी मोडली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.