शेजारच्या सीटखालचा ब्रेक

माझी काकू आयुष्यात एकदाच गाडी शिकायला बसली होती आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी उतरून चालत घरी आली होती. शिकवणारे दुसरे कोणी नाही, काकाच. त्यांची गाडी शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे एक पाटी, एक गाडी आणि ते स्वतः. घरात काका मिठाची गुळणी धरल्यासारखे असत. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवून उठतील. पण शेजारच्या सीटवर बसून कुणाच्या हाती स्टिअरिंग दिलं, की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. त्या सीटखाली शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक होता. शिकणाऱ्याने आरसा नीट न लावता गाडी हलवली, की काका तो ब्रेक दाबून धरत आणि ओरडत, "आरसा!"

काकूवर ते तीनदा ओरडले. चौथ्यांदा ओरडायला ती गाडीत नव्हती.

पुढे काकांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा बसली. शाळा बसली, मागच्या शेडमध्ये गाडीही बसली. पाच-सहा वर्षं तिच्यावर जुने पडदे पडून होते, कारण काकू पडदे शिवते आणि तिच्या घरात उरलेला कपडा फेकायची पद्धत नाही.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्याला येत. कपाचं चित्र दाखवत, कंगव्याचं दाखवत. काकांना कळत सगळं होतं, पण शब्द ओठांशी येऊन माघारी फिरे. मग ते चित्रावरून नजर काढून घेत. एकदा बाईंनी विचारलं, "यांना सगळ्यात जास्त बोलायची सवय कुठे होती?"

"घरात तर नव्हती," काकू फणकाऱ्याने म्हणाली, "गाडीत होती." आणि हातातलं शिवण तसंच धरून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडपाशी मिस्त्री हजर.

मला असल्या आशांचा राग येतो. माणूस आशा लावून घेतो आणि नंतर त्याची समजूत काढायला आपण. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. "आशा कसली त्यात?" ती म्हणाली. "गाडी चालू करतेय नुसती."

तिने चावी पुढे केली तेव्हा मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. "चावीचं नाव काढू नका, वहिनी. इतकी वर्षं झोपलेल्याला असं दचकवून उठवतात का?" त्याने टाकीतलं पेट्रोल काढलं, तर त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. मग त्याने प्लग काढून इंजिनात थोडं तेल सोडलं आणि सामान आवरू लागला.

"आता?"

"आता वाट बघायची. तेल मुरलं की हाताने फिरवून बघू."

तो रोज येई, पाना लावून जोर करी आणि मान हलवी. "हललं का?" काकू विचारायची. त्या शिकवणाऱ्या बाई निघताना ती त्यांना "काही बोलले का?" असं विचारायची, तोच आवाज. मला तो ऐकवत नसे. मी आत निघून जायचे.

एका दुपारी इंजिन हललं. मग नवी बॅटरी आली, चिकटलेले ब्रेक सुटले आणि गाडी खोकत, धूर ओकत सुरू झाली. शेजाऱ्यांनी धडाधड खिडक्या लावल्या. काका खिडकीपाशीच बसले होते. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि परत पेपरात डोकं घातलं. काकूचा चेहरा एवढासा झाला.

मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. "हा जादा ब्रेक काढून टाकू का? आता कोण दाबणार तो?"

"त्याला हात लावायचा नाही," काकू एकदम कडाडली. "तोच आधी नीट करा."

त्या सगळ्या दिवसांत ती संध्याकाळी पडद्यांची मापं घ्यायला जातेय असं सांगून कुठे जात होती, ते तिने लायसन्स दाखवलं तेव्हा कळलं. काकांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे ती गाडी शिकत होती. साठीला टेकलेली बाई!

रविवारी आम्ही काकांना शेजारच्या सीटवर बसवलं. मी मागे बसले. काकूने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. ती काकांकडे बघत राहिली.

"अहो, बोला ना काहीतरी. काहीही बोला."

काका समोर बघत होते. मला त्या बाईंचा राग आला, मिस्त्रीचा आला, गाडीचा तर आलाच. काकूने डोळे पुसले, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली.

"गेली मेली परत!" काकूने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

गाडी गेली नव्हती. मागून मला स्पष्ट दिसत होतं. काकांचा डावा पाय त्या जादा ब्रेकवर रोवलेला होता. मानेच्या शिरा ताठल्या होत्या.

"आ…"

"काय झालं? कुठे दुखतंय का?"

काकांनी चिडून मान झटकली. "आ… आर… आरसा!"

आरसा छताकडे तोंड करून होता. मिस्त्रीने पुसताना वळवलेला, तो तसाच.

काकू रडली. आधी रडली, मग रडता रडता हसायला लागली. या एका शब्दापायी ती तेव्हा गाडीतून उतरली होती आणि आता त्याच्यासाठी सगळा खटाटोप केला होता. तिने आरसा सरळ केला आणि पुन्हा चावी फिरवली. काकांनी पाय उचलला. गाडी गल्लीतून बाहेर पडली.

पहिल्या वळणावर काकूने सिग्नल दिला नाही. ब्रेक कचकन लागला. "सि… सिग…" काका लालबुंद झाले होते.

"काकू, सिग्नल!" मी मागून म्हणाले.

तिने आरशातून माझ्यावर डोळे वटारले. "तू गप्प बस. मला येतं सगळं."

पुढच्या वळणावरही तिने सिग्नल दिला नाही.