गॅरेजमधल्या गोधड्या

आज गॅरेजच्या भिंतींवरच्या गोधड्या काढल्या. इतकी वर्षं खिळ्यांना टांगलेल्या, धुळीनं जड झालेल्या. एक उतरवली की थोडा वेळ स्टुलावर बसत होते. पूर्वी असं होत नसे.

२००१ साली मुलगा कॉलेजात जायला लागला आणि शाळेतले तीन मित्र घेऊन त्यानं बँड काढला. यांची गाडी तेव्हा जी गॅरेजबाहेर गेली ती बाहेरच राहिली. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या आमच्या गल्लीत घरं जवळजवळ आहेत. शेजारचे म्हातारे गृहस्थ तक्रार घेऊन आले तेव्हा दार मी उघडलं, आणि मला इंग्रजी काही सुचेना. नुसती मान हलवत राहिले. ते गेल्यावर माहेरहून आणलेल्या सगळ्या गोधड्या मुलाच्या हातात दिल्या. भिंतींना लावल्यावर आवाज जरा दबला.

मुलगा ड्रम वाजवायचा. दोन हात, दोन पाय, सगळे एकदम, शिलाई मशीन पळावं तसे. चौघांचे काळे कपडे, चौघांचे लांब केस. मला वाटायचं, ही मुलं कुणावर एवढी रागावलीत? एकदा विचारलंच.

"आई, आमच्या म्युझिकमध्ये थ्रॅश म्हणजे भांडण," तो म्हणाला, "आणि पॉवर मेटल म्हणजे आरती. आम्ही भांडता भांडता आरती म्हणतो."

"आणि देव कुठाय?" यांनी पेपरातून विचारलं.

"देव ब्रेकवर गेलाय, बाबा."

हे हसले. या प्रकरणात ते फारसे हसत नसत.

बँड सुरू केला तो खरा गिटारवाल्यानं. गाणी त्याचीच असत. पोटासाठी तो टायरच्या दुकानात काम करी, पण नखातलं काळं न धुताच आमच्याकडे धावत येई. पहिली सीडी त्यांनी गॅरेजमध्येच केली. पहिला गाणारा नुसता ओरडायचा. तो लग्न करून दुसऱ्या राज्यात गेला. मग उंच आवाजाचा दुसरा मिळाला, आणि त्याच्यामुळे लोक बँडला ओळखू लागले. उन्हाळ्यात जुनी व्हॅन घेऊन ते गावोगाव वाजवत हिंडत. मुलगा नोकरीतल्या सगळ्या सुट्ट्या त्यातच घालवी.

निघताना मी मुलाच्या हातावर दही घाली. पहिल्या वेळी बाकीचे बघत राहिले, दुसऱ्या वेळी त्यांनीही हात पुढे केले. मग ते ठरूनच गेलं. एकदा मी विसरले तर गाणारा व्हॅनमधून उतरून परत आला. "आंटी, नो योगर्ट, नो शो!" मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

त्यांच्यासाठी भात, राजमा, पोळ्या करता करता माझी वर्षं कशी गेली कळलं नाही. गाणं मला कधी समजलं नाही. दमलेलं माणूस मात्र समजतं. २००६ च्या दौऱ्याहून मुलगा आला तेव्हा त्यानं चहाचा कप डाव्या हातानं उचलला. तो डावरा नाही.

"काय झालं?"

"काही नाही, स्टिफ झालंय."

मी तिळाचं तेल गरम केलं. तेव्हापासून सराव संपला की तो स्वयंपाकघरात येई आणि न बोलता मनगट पुढे करी. मी चोळत असे. मित्रांना सांगितलंस का, असं एकदा विचारलं तर म्हणाला, "कसं सांगू? त्याच्याकडे दुसरं काहीच नाहीये, आई." गिटारवाल्याबद्दल बोलत होता.

पुढच्या वर्षी पितृपक्षात एका दुपारी गिटारवाला थेट स्वयंपाकघरात घुसला आणि मला मिठीच मारली. माझ्या हातात डाव होता, तो मी उंच धरून उभी राहिले. एका रेकॉर्ड कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. आठवडाभरात चौघांनी सही करायची, मग रेकॉर्डिंग, मग वर्षभराचा दौरा. गाणारा मागून नाचतच आला.

मुलगा फ्रिजला टेकून उभा होता. शांतपणे म्हणाला, आत्ता सही करता येणार नाही. हा पंधरवडा आमच्याकडे पितरांचा असतो. नवं काही सुरू करत नाहीत.

"टू वीक्स?" गाणारा ओरडला. "योगर्ट ओके, बट व्हॉट इज धिस?"

आमच्या घरी पितृपक्ष म्हणजे सासऱ्यांच्या तिथीला खीर आणि वडे, एवढंच. याच मुलानं त्याची गाडी पितृपक्षातच घेतली होती, सेल होता म्हणून.

गिटारवाला माझ्याकडे वळला. "आंटी, इज दॅट ट्रू?"

मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. डाव्या अंगठ्यानं उजवं मनगट चेपत होता. मी नाही म्हटलं असतं तर त्यानं सही केली असती. मित्राच्या तोंडावर नाही म्हणणं त्याला जमलं नसतं.

"येस," मी म्हटलं. मग आणखी म्हटलं, "व्हेरी बॅड टाइम."

गिटारवाला "ओके" म्हणाला आणि जाताना त्यानं दार हळूच लावलं.

संध्याकाळी यांनी विचारलं, "पितृपक्ष पाळायला कधीपासून लागलो आपण?"

"आजपासून," मी म्हटलं.

कंपनी थांबली नाही. बाकीच्या तिघांनी दुसरा ड्रमवाला घेतला. या वसंतात दौऱ्यावर निघताना व्हॅन आमच्या दारात थांबली आणि गिटारवाला एकटाच उतरून आला. त्यानं हात पुढे केला. मी दही घातलं.

"गुड टाइम?" त्यानं विचारलं.

"गुड टाइम."

मुलगा आत होता. बाहेर आला नाही. व्हॅनचा आवाज जाईपर्यंत नळ सोडून उभा होता.

आज गोधड्या मशीनमध्ये मावेनात म्हणून मागच्या अंगणात टबात धुतल्या. पिळायला तो आला. एक टोक त्यानं धरलं, एक मी. मी पीळ द्यायला लागले तसा त्याचा चेहरा आक्रसला.

"आई, हळू. दुखतंय."

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलला. मी पीळ सोडला. गोधडी तशीच, पाणी गळत, कुंपणावर टाकली आणि दोघं पायरीवर बसलो.