नोटेवर न दिसणारे सांधे

दीड महिन्यापूर्वी पौडच्या स्थानकावर एसटीच्या वाहकाने मला हाक मारून थांबवले. "शास्त्रीबुवा, धरणावरचे हवालदार गेले. सूनबाईंनी निरोप दिलाय, दहाव्याला तुमीच या म्हनून." हवालदार म्हणजे माझे अर्ध्या आयुष्याचे स्नेही कोंडिबा. अशा वेळी काय बोलावे हे मी जन्मभर इतरांना सांगत आलो. त्या दुपारी मात्र मी बाकावर नुसता बसून राहिलो...

दुसऱ्या महायुद्धात ते इजिप्तमध्ये लष्करी ट्रक चालवीत. परतताना तिथल्या चार नोटा खिशात राहिल्या आणि त्यांतून छंद जडला. पुढे पुण्याच्या जुन्या बाजारातून ते एकेक जुनी नोट शोधून आणू लागले. हात धुऊन, पंच्याने कोरडे करून, भिंग घेऊन ओसरीवर बसत. उंट, नाईलमधली शिडाची नाव, सोन्याच्या मुखवट्यातला कोवळा राजा... एक नोट उजेडासमोर धरली की कोऱ्या जागेत सिंहाच्या देहाची, माणसाच्या मुखाची आकृती उमटे. "ह्यो आपल्या नरसिंहाचा उलटा भाऊ, बुवा! खांबात न्हाई, कागदात दडलाय," असे म्हणून ते खळखळून हसत. एका बाजूस मशीद आणि दुसऱ्या बाजूस प्राचीन मंदिर, ही मांडणी त्यांना विशेष प्रिय होती. "ह्या अंगाला आजचा देव, त्या अंगाला जुना. कागूद एकच. कुनी कुनाला खोडलं न्हाई." अरबी अक्षर आम्हा दोघांनाही वाचता येत नसे, त्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

एकदा त्यांनी एक पौंडाची नवी नोट आणली. तिच्या मागे मंदिराच्या द्वाराशी बसलेले चार प्रचंड पाषाणराजे होते. एका सचित्र मासिकात मी या मंदिराविषयी वाचले होते, ते त्यांना सांगितले. हे मंदिर डोंगरातच कोरलेले. नाईलवर मोठे धरण झाले तेव्हा ते बुडणार होते, म्हणून करवतींनी कापून, तुकडे उंचावर नेऊन पुन्हा जुळवले. हवालदारांचे स्वतःचे गाव मुळशीच्या धरणाखाली आहे. बापाचे बोट धरून ते तिथून निघाले तेव्हा घरोघरचे देवांचे चांदीचे टाक टोपल्यांतून वर आले. पण ग्रामदैवत भैरवनाथ मूळ खडकातच घडलेला. तो तिथेच राहिला. "त्याला कापून न्यावं, हे तवा कुनाला सुचलंच न्हाई..." एवढेच ते पुटपुटले आणि भिंगाने नोटेवरचे सांधे शोधू लागले. "दिसत न्हाईत कुटं. लई ब्येस जुळवलाय."

पुढच्याच उन्हाळ्यात पाणी कधी नव्हे इतके उतरले. शेंदूर धुऊन गेलेला तो खडक चिखलातून वर आला. हवालदार पाथरवट ठरवून, ती नोट घेऊन माझ्या दारी आले. "बुवा, आपन बी कापून वर आनू. तुमी फकस्त व्हय म्हना."

घाव घातलेली मूर्ती खंडित होते आणि खंडिताची पूजा शास्त्राला मान्य नाही, हे मला सांगावे लागले. त्यांनी नोटेवर बोट ठेवले. "ह्यो दुसरा बगा. कमरंच्या वर मोडलाय. तरी मोडकाच वर नेला, मोडकाच छापला."

"हवालदार, तिथे आता पूजा होत नाही. लोकांनी पाहावे म्हणून ते जपले आहे."

"म्हंजी पूजा न्हाई म्हनून त्यो वाचला, आन पूजा हाय म्हनून आमचा बुडाला... व्हय, बुवा?"

वाईच्या माझ्या वृद्ध गुरुबंधूंनाही मी विचारून पाहिले. त्यांचे मत माझ्याहून निराळे नव्हते. हवालदारांनी वाद घातला नाही. "तुमी न्हाई म्हनलासा, तर न्हाई," म्हणत पाथरवटाला चहा पाजून परत पाठवले. आषाढात पाणी चढले. त्यानंतर कोणत्याही उन्हाळ्यात ते तितके उतरले नाही. दरवर्षी वैशाखात ते काठापर्यंत जात, उभे राहत आणि परत येत. मीही ग्रंथ पुनःपुन्हा उघडून पाहिले. तिथे जे होते तेच होते.

दहाव्याला त्याच काठावर पिंड मांडला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. मुलगा हात जोडून म्हणाला, "आईला अंतर देनार न्हाई, नोटा इकनार न्हाई." सुनेने लेकीबाळींच्या माहेरपणाचे वचन दिले. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. कोणती इच्छा राहिली हे मला पुरते ठाऊक होते. समोरच्या पाण्याखालीच ती होती. पण तिचे वचन द्यायला मी कोण? ऊन चढू लागले तेव्हा दर्भाचा कावळा करून मी पिंडाला स्पर्श करविला. शास्त्रात तेवढी सोय आहे...

निघताना सूनबाईंनी भिंग आणि ती नोट माझ्या हाती ठेवली. "मामंजी सांगून गेल्यात, ही तेवढी बुवांची." सायंसंध्या आटोपली की आता मी पुन्हा हात धुतो, पंच्याने कोरडे करतो आणि त्या चार पाषाणांवरून भिंग सावकाश फिरवतो. सांधे असलेच पाहिजेत. माणसांच्या हातांनी ते मंदिर जुळवले आहे. अजून मला एकही सापडलेला नाही. धरण काठोकाठ भरत आल्याचे काल वाहक सांगत होता.