घरी परत आलेला बडग्या

मारोतरावांना मत नाही असा विषय नागपुरात अजून निघायचा आहे. इतवारीच्या मागच्या गल्लीत, कवडूच्या चहाच्या टपरीवर ते सकाळी एकदा बसले की हेल्मेटच्या कायद्यापासून सुरुवात होते, रस्ते उंच झाल्यामुळे घरात शिरणाऱ्या पाण्यावरून गाडी जीएसटीवर येते आणि चहा संपेपर्यंत दिल्ली, मुंबई आणि महानगरपालिका अशा तिघांची हजेरी घेऊन झालेली असते. टपरीवरच्या, पैसे आल्याचं मोठ्याने ओरडून सांगणाऱ्या डब्यावर तर त्यांचा खास राग. "आपन चहा पेलो का नाही पेलो, हे साऱ्या मोहल्ल्याले काहून सांगाचं गा?" असं ते कवडूला रोज विचारतात आणि कवडू रोज अर्धा कप जास्तीचा देऊन त्यांना गप्प करतो.

आता मतं काय, सगळ्यांनाच असतात. पण मारोतरावांचं वर्षाचं शेवटचं मत बांबूचं असतं आणि चांगलं दोन माणसं उंच असतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे बायकांचे मोठाले पुतळे, मिरवत निघतात. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्या मागेपुढे मोहल्ल्यामोहल्ल्यांतले बडगे. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा पुतळा. ज्या गोष्टीने वर्षभर लोकांना छळलं तिचा. महागाईचा, खड्ड्यांचा, पेपर फोडणाऱ्यांचा. तो गावभर मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून घसा फोडायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. म्हणजे इडापिडा त्याच्यासोबत गेली. नागपूरकराला सरकारशी दोन शब्द बोलायचे असले तर तो हे असे बोलतो, आणि वाजतगाजत बोलतो.

मारोतराव जातीने आणि धंद्याने बुरूड. टोपल्या, सुपं, अलीकडे लग्नाच्या हॉलसाठी बांबूच्या कमानी. कोयता हातात आल्यापासून मोहल्ल्याचा बडग्या त्यांच्याच हातचा. नोटाबंदीनंतरच्या पोळ्याला त्यांनी रांगेत उभं राहून मान लांब झालेला माणूस केला होता, त्याची आठवण लोक अजून काढतात. वडिलांनी त्यांना या कामातलं एकच सांगून ठेवलं होतं : ज्याचा राग आला त्याचाच बडग्या कर, भलत्याचा करू नको. मारोतरावांची इतक्या वर्षांत त्यात कधी चूक झाली नव्हती. यंदा झाली.

सुरुवात रेशन दुकानात झाली. कार्डावरच्या प्रत्येक माणसाने मशीनवर अंगठा ठेवून आपण आहोत हे दाखवायचं, नाहीतर पोळ्यानंतर नाव कमी होणार, असा हुकूम आला होता. मारोतरावांच्या बायकोने, शामलाबाईंनी, अंगठा ठेवला, मशीनने हिरवा दिवा दाखवला. मारोतरावांनी ठेवला, दिवा लाल. दुसरा अंगठा लाल. मग दुकानदाराने दहाही बोटं एकेक करून ठेवायला लावली आणि मागची रांग त्यांना सल्ले देऊ लागली. कुणी म्हणालं लिंबू चोळा, कुणी खोबरेल म्हणालं. मारोतरावांनी घरी जाऊन सगळं केलं, दुसऱ्या दिवशी गेले, लाल. तिसऱ्या खेपेला दुकानदारही कंटाळला.

"काकाजी, तुमच्या अंगठ्यावर रेघाच नाही राहिल्या," तो म्हणाला. "कामट्या सोलू सोलू सारं सपाट झालं. मशीन त काय, तुमाले पाह्यतच नाही."

हे मात्र त्यांना लागलं. मुलगा मोहित बुटीबोरीच्या कापड कारखान्यात लागून तिकडेच राहिला, त्याचं कार्ड वेगळं झालं. या कार्डावर आता नवरा-बायको दोघंच, आणि त्यातला नवरा मशीनला दिसत नव्हता. घरी आल्यावर शामलाबाईंनी ताट वाढलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "जेवा, जेवा. माह्या कार्डावर पाहुने आले, उपाशी कसे पाठवू?"

मारोतराव भातात बोटं फिरवत राहिले. सरकारने त्यांना शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, त्यांनीही दिल्या असत्या. पण तुम्ही नाहीच म्हटल्यावर माणसाने भांडायचं तरी कुठल्या तोंडाने? जन्मभर ज्या शहरात राहिलो तिथे आपल्या जेवणाच्या कार्डावर आपलंच नाव राहणार नाही, या विचाराने त्यांना ताट समोर असून घास जाईना.

दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनी जाहीर केलं. "औंदा अंगठा."

"अंगठ्याचा बडग्या?" कवडूने विचारलं.

"हो. न उठनारा अंगठा. जाऊ दे त्याले मारबतीसंगं!"

टपरी खूश झाली, कारण प्रत्येकाच्या घरी कुणाचा ना कुणाचा अंगठा अडकलेला होता. मारोतरावांनी अंगणात बांबू रोवले. अंगठा करायचा तर समोर नमुना हवा, म्हणून ते आपलाच अंगठा पुढे धरून कामट्या वाकवत गेले. पेराचा फुगवटा आला, बाजूला गेलेलं टोक आलं, तरुणपणी कोयता लागला होता त्याचा आडवा व्रणसुद्धा सुतळीने उठवला. वर तपकिरी कागद आणि नखाच्या जागी पांढरास्वच्छ ताव. बघणारे तोंडात बोट घालत होते. इतका हुबेहूब बडग्या मारोतरावांनी कधी केला नव्हता, आणि हे त्यांना स्वतःलाही कळत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर शामलाबाई एका मुलीला घेऊन आल्या. सेवा केंद्रात बसणारी दीक्षा, जरीपटक्याची. मारोतरावांचा मोबाइलवर बहिष्कार. सेवा केंद्राची पायरी चढणार नाही असं त्यांनी टपरीवर बोलून ठेवलेलं. म्हणून शामलाबाईंनी केंद्रच घरी आणलं.

"काकाजी, अंगठा राहू द्या," दीक्षा म्हणाली. "चेहऱ्यानंही होते. माह्या आजीचे अंगठे विड्या वळू वळू असेच गेले, तिचंही असंच केलं."

"मोबाइल माहं तोंड पाह्यल अन् सांगन का मी हाय म्हनून?"

"हो."

"अन् नाही म्हटलं त?"

"त उद्या पुन्हा येईन मी," दीक्षा म्हणाली. तिने हे इतक्या सहज सांगितलं की मारोतरावांनी हातातला कोयता खाली ठेवला.

पण काम सोपं नव्हतं. भिंतीसमोर उभं केलं तर मागे टोपल्यांचा ढीग, मोबाइल गोंधळायचा. दारात उभं केलं तर तोंडावर सावली. दीक्षाने अंगणभर नजर फिरवली. "मागं कोरं पांढरं पायजे," असं म्हणत तिने काकाजींना धरून नेलं आणि नेमकं त्या अंगठ्याच्या नखापुढे उभं केलं.

"आता डोळे मिचकवा."

मारोतरावांनी एक डोळा मिचकावला.

"असा नाही, काकाजी! दोन्ही."

"अवो, पोरीले डोळा काय मारता!" शामलाबाई हसून हसून ओट्यावर बसल्या. मारोतरावांना घाम फुटला. साठी ओलांडलेल्या माणसाला पापण्या मिटणं-उघडणं नव्याने शिकायची वेळ यावी! शेवटी दीक्षा स्वतः समोर उभी राहून मिचकावू लागली, तिचं बघून त्यांनीही मिचकावले आणि मोबाइलवर हिरवी खूण उमटली.

"झालं. तुमी हाय," दीक्षाने सांगितलं.

मारोतरावांनी ती खूण वाकून पाहिली. मग पुन्हा पाहिली. टपरीवर कधीही शब्द कमी न पडणारा हा माणूस एवढंच म्हणाला, की "बाई, तू चहा पेल्याशिवाय जाऊ नको." आत जाऊन त्यांनी आपल्याकडची सर्वांत बारीक विणीची टोपली काढली. दीक्षा नको नको म्हणत होती. "तुह्या आजीले दे," ते म्हणाले, "मी केली म्हनून सांग." त्यांना तिचे पाय धरावेसे वाटत होते, पण पोर संकोचली असती, म्हणून ते तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आले.

परत आले तर शामलाबाई अंगठ्यासमोर उभ्या. सुतळीच्या त्या व्रणावरून बोट फिरवत होत्या.

"याले परवा जाळसान?"

"मंग? बडग्या हाय तो."

"हा त तुमचाच हाय. याच जागी लागलं होतं, मोहित पोटात होता तवा. मी हळद भरली होती." त्यांचं माहेर कन्हानकडचं, शेतकऱ्याचं. "आज खांदशेकनी हाय. माहा बाप आजच्या दिशी बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावे. जू ओढून ओढून खांदा सोलून जाये ना, म्हनून. त्या खांद्याले त्यानं कधी पीडा नाही म्हटलं. अन् तुमी? यानं आपल्याले जेवू घातलं, पोरगं मोठं केलं, अन् यालेच जाळता?"

मारोतराव आपल्या हाताकडे बघत राहिले. राग आला होता तो मशीनचा, हुकूम काढणाऱ्याचा, आणि बडग्या केला होता आपल्याच अंगठ्याचा. वडील असते तर तिथेच कान धरला असता. बरं, परवा मिरवणूक, नवीन पुतळा बांधायला वेळ नाही, आणि सारा मोहल्ला अंगठा येणार म्हणून ढोल-ताशा ठरवून बसलेला.

पोळ्याच्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्याचा, रेशनच्या मशीनसारखा, एक काळा डबा केला, त्यावर मोठा लाल दिवा रंगवला आणि तो अंगठ्याच्या खाली असा बांधला की अंगठा त्याला चेपतो आहे. मोहल्ल्याला वाटलं, व्वा, काय कल्पना! मारबतीच्या दिवशी ठेल्यावर तो अंगठा निघाला, तेव्हा लोक गच्च्यांवरून ओरडत होते. "अंगठ्याची पीडा घेऊन जा गे मारबत!" म्हाताऱ्या बायका आपापले अंगठे उंच करून दाखवत होत्या. मारोतराव ठेल्याच्या दांडीला धरून चालत होते आणि दर वळणावर डब्याची गाठ चाचपून बघत होते.

बडगे जाळायच्या जागी कवडू काडेपेटी घेऊन पुढे झाला. मारोतरावांनी कोयत्याने एक गाठ कापली, काळा डबा खाली पाडला.

"हा जाळ."

"अन् अंगठा?"

"तो घरी येऊन राहिला माह्यासंगं."

कवडूचा चेहराच उतरला. "डोकं फिरलं का गा? बडग्या कोनी वापस नेते? मोहल्ल्यात पीडा वापस येईन!"

"पीडा त्या डब्यात होती. हा माहा अंगठा हाय, कवडू. याच्यावर मी जगलो." मारोतरावांनी आपला अंगठा त्याच्यापुढे धरला. "माही चूक झाली. म्या भलत्याचाच बडग्या केला."

कवडूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या, किटलीने भाजून भाजून गुळगुळीत झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्याने डब्याला काडी लावली आणि ठेल्याची दुसरी दांडी धरली. येताना ढोल-ताशेवाल्यांना काय वाजवावं कळेना, तेव्हा त्यांनी वरातीचं वाजवलं.

शामलाबाई दारात होत्या. ठेला वळताना दिसला तशा त्या आत गेल्या आणि वाटीत कोमट तूप, हळद घेऊन आल्या. बांबूच्या अंगठ्याला त्यांनी एक बोट लावलं. मग ओट्यावर बसलेल्या नवऱ्याचा हात मांडीवर घेतला आणि अंगठा चोळायला लागल्या, पेरापासून टोकापर्यंत, सावकाश.

"शामला, लोक पाह्यून राहिले वं," मारोतराव म्हणाले, पण हात काढून घेतला नाही. त्यांचे डोळे वाहत होते.

"पाहू द्या." व्रणाच्या जागी त्यांनी थोडी जास्त हळद लावली आणि आपले वडील बैलांना जेवणाचं बोलावणं देताना म्हणायचे तसंच म्हणाल्या, "आवतन घ्या, जेवाले या." मग हात पदराला पुसत उठल्या. "या लौकर. आता नाव हाय तुमचं कार्डावर."